पाण्याच्या बाजूची खोली

१

सोमवार ते गुरुवार नात माझ्याकडे असते. म्हणजे मी तिच्याकडे असतो. ब्रायनी, माझी मुलगी, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि जावई कॅलम गोदामात पाळीवर जातो. पाळणाघराची फी ऐकल्यावर दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. जन्मभर बस चालवून घरी बसलेला विधुर माणूस, त्याला नाही म्हणायला कारण तरी काय मिळणार? शिवाय मेबल मला आवडते. अजून चालत नाही, डोक्यावर केस नाहीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. आमच्याच घरात शोभते.

आमच्या ऑल्डनशॉ गावातल्या पुलाजवळच्या बेकरीतून मी एक अख्खा पाव घेतो, कारण ब्रायनीच्या घरातला कापून आलेला पाव म्हणजे ओला कापूस. मग कालव्याच्या काठाने चालत निघतो. या काठाला आम्ही घोडवाट म्हणतो. बोटींना इंजिनं नव्हती तेव्हा घोडा या वाटेने चालायचा, त्याच्यामागे लांबलचक दोर, आणि दोराच्या टोकाला पाण्यातून येणारी कोळशाची बोट. माझ्या आजीचा जन्म अशाच एका बोटीवरचा. माझ्या लहानपणापर्यंत घोडे गेले होते, पण वाट शिल्लक होती. चिखल, काटेरी कुंपण, सप्टेंबरात ब्लॅकबेरी, आणि पुलाखालचा थंडगार अंधार. तिथे जाऊन कुणी काही करत नसे. तेच तर तिचं सुख होतं.

आता तिथे फरशी आहे. गुडघ्याएवढे दिवे आहेत. एका लोखंडी कंटेनरमधल्या दुकानात कॉफी मिळते, आणि शेजारी गंजक्या पत्र्याचा घोडा उभा केलाय, घोडा कधी जवळून न पाहिलेल्या माणसाने कापलेला. मुख्य कालव्याचा एक फाटा गावात शिरत होता, तो बुजवून त्यावर सहा मजली इमारत उठवली. नाव काय, तर 'बोटमन्स रेस्ट'. तिच्याविरुद्ध मी नगरपालिकेच्या दारात फलक घेऊन उभा होतो. पेपरात माझा फोटोही आला, तोंड वासलेला. आम्ही हरलो. आणि इमारत पुरी झाल्यावर पोरीने तिथेच तळमजल्यावर घर घेतलं.

"तेवढंच परवडतंय, बाबा," ती म्हणाली. "आता त्या इमारतीला शिव्या द्यायच्या नाहीत. माझं घर आहे ते."

मी शब्द दिला. म्हणून इमारतीत ती पहिली खाच दिसली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही.

२

तळमजल्याचा बोळ बरोबर जुन्या घोडवाटेवरून जातो. एका बाजूला मीटरची खोली, सायकलींची खोली, कचऱ्याची खोली. तिथे पूर्वी काटेरी कुंपण होतं. दुसऱ्या बाजूला घरं. तिथे पाणी होतं. जिथे जुना पूल होता तिथे बोळ जरा वळतो, आणि वळणानंतरचं पहिलं दार ब्रायनीचं.

त्या जुन्या पुलाच्या कोपऱ्याचं लोखंड बिल्डरने काढून इमारतीच्या प्रवेशद्वाराशी भिंतीवर लावलंय, वर दिवा सोडून. ओला, वाळूने भरलेला दोर वर्षानुवर्षं घासून त्या लोखंडात बोट जाईल एवढ्या खाचा पडल्यात. लोक थांबून फोटो काढतात.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी तशीच खाच मला बोळाच्या वळणावर दिसली. नव्या भिंतीच्या कोपऱ्यावर, माझ्या कमरेच्या जरा वर. एकच, गुळगुळीत, तिरपी. मी बोट घालून पाहिलं. आत ओल होती.

इमारतीची देखभाल डेरेक करतो. आम्ही एका डेपोत काम केलेली माणसं. मी त्याला खाच दाखवली.

"सायकलवाले," तो म्हणाला. "हँडल घासतात मेले."

"सायकलने अशी खाच पडते?"

"मग कशाने पडते? क्लिफ, तुला इथली वीटही खुपते हे सगळ्या गावाला माहीत आहे. फलक आणलायस का बरोबर?"

त्याने खाच भरली, रंग दिला. पुढच्या आठवड्यात त्या जागी दोन खाचा होत्या. डेरेकने त्याही भरल्या. तिसऱ्या वेळी मात्र त्याने रंगाचा डबा उघडलाच नाही. नुसता गुडघ्यावर बसून पाहत राहिला, आणि मग म्हणाला की बोळातला गालिचाही मधोमध ओला असतो, पण कुणाचा नळ गळत नाही, त्याने सगळे तपासले आहेत.

३

नंतर घरातल्या वस्तू पडायला लागल्या.

ब्रायनीच्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी मेबलचा पाळणा आहे. दिवसा ती तिथेच झोपते. शेजारी कपाटावर आमच्या लग्नाचा फोटो, एक दिवा, एक कुंडी. एक दिवस मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. चार वाजत आले होते, आमच्याकडे हिवाळ्यात त्या वेळी उजेड जायला लागतो. खोलीतून आवाज आला. जाऊन पाहतो तर फोटो, दिवा आणि कुंडी तिन्ही खाली, आणि तिन्ही एकाच दिशेला. कपाटावर पाण्याची एक सरळ रेघ होती. मेबल जागी होती आणि खिडकीकडे टक लावून पाहत होती.

मांजर नाही. खिडकी बंद. मी स्वतःलाच समजावलं की नवी इमारत आहे, बुजवलेल्या मातीवर बसतेय, हलणारच. समजूत बरी होती. पण इमारत रोज चारलाच हलत नाही.

दुसऱ्या दिवशी चारला कपाटावर काही नव्हतं, तर पाळण्याची छत्री आडवी झाली. त्या वेळी मात्र माझ्या अंगावर काटा आला, कारण ती छत्री किती उंचीवर होती ते मी पाहिलं. घोड्याच्या खांद्यापासून बोटीपर्यंत उतरत येणारा दोर तिथे त्याच उंचीवर असता.

माझी आजी कझाया बोटीवर वाढली आणि विटांच्या घरात म्हातारी झाली, पण तिचे नियम बोटीवरचेच राहिले. काठाने चालताना ती मला दंडाला धरून कुंपणाच्या बाजूला ओढायची. म्हणायची, "वाट आणि पाणी यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. दोर आला की माणसाला गवतासारखा झोपवतो आणि पाण्यात नेतो. मागून येणारी बोट काही थांबत नाही." कालव्यावर घोडाच उरला नव्हता, तरी ओढायची.

तिची दुसरी गोष्ट मला जास्त आवडायची. बोटीवरच्या बायका रांगत्या पोराच्या कमरेला दोरी बांधत आणि दुसरं टोक छपरावरच्या धुराड्याला. पोर पाण्यात पडू नये म्हणून. पण दुसऱ्या बोटीवरच्या पोराला कुणी बांधत नसे. जी बाई बांधेल, ते पोर तिच्या हवाली. आजी लहान असतानाच तिची आई धाकट्याच्या बाळंतपणात गेली. "आईला पुरून आलो," आजी सांगायची, "आणि संध्याकाळी मावशीने माझ्या कमरेला दोरी बांधली. कुणी काही बोललं नाही. मला समजलं, आता मी हिची."

४

रविवारी जेवताना मी विषय काढला. जमेल तितक्या हलक्या आवाजात.

"पाळणा आतल्या खोलीत हलवूया का?"

"आतल्या खोलीत पाळणा मावत नाही," ब्रायनी म्हणाली. "का?"

"खिडकीशी गारठा असतो."

"बाबा."

मी खोटं बोललो की तिची आई माझ्याकडे अशीच पाहायची. मग मी सगळं सांगितलं. खाचा, रेघ, छत्री, आजीचा नियम. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की हे कसं वाटतंय. कॅलमने काटा खाली ठेवला.

"म्हणजे आमच्या घरातून बोट जाते," तो म्हणाला.

"मी बोट म्हटलं नाही. दोर म्हटलं."

"हां, मग ठीक आहे."

ब्रायनी हसली नाही. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही हरलात ते मला माहीत आहे, बाबा. वाईटही वाटलं मला. पण आम्हाला दुसरीकडे कुठे घर मिळणार होतं, सांगा ना. मला इथे सुखाने राहू द्या. एवढंच मागते."

मला फार लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर मलाही शंका आली. त्या इमारतीचा राग मी इतकी वर्षं उराशी धरून होतो की डोक्यानेच ती खाच कोरली नसेल कशावरून? बायको गेल्यापासून मी बराच एकटा असतो. म्हातारी माणसं याहून विचित्र गोष्टी पाहतात.

मी म्हटलं, "बरं. राहिलं."

५

डिसेंबरातला गुरुवार. बाहेर धुकं होतं. मेबल पाळण्यात उभी राहून कठडा चावत होती. चारच्या आधी तिला उचलून स्वयंपाकघरात न्यायचं हे मी मनाशी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, नुसतं रोज तसं करायचो. त्या दिवशी फोन वाजला, माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरचा, आणि बोलण्यात वेळ गेला.

बोळातून आवाज आला. गालिच्यावर काहीतरी जड टेकत होतं. एक, दोन, मग जरा थांबून तीन, चार. घाई नव्हती. सगळा दिवस चालून आलेल्याची चाल. दारासमोरून गेलं तेव्हा ओल्या केसाळ अंगाचा वास दाराच्या फटीतून आत आला. मग भिंतीत खरखर सुरू झाली, वळणाच्या कोपऱ्याशी.

मी फोन टाकला. भिंतीच्या मधून ओली, काळपट रेघ खोलीत आली. ती ताणलेली होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. एक टोक बोळाच्या भिंतीत, दुसरं खिडकीपलीकडे कुठेतरी, आणि सगळी रेघ खोलीतून पुढे सरकत होती. खुर्ची पडली. पुस्तकांचं कपाट हललं आणि आडवं झालं. मी मेबलला पाळण्यातून ओढून जमिनीवर पालथा पडलो, ती माझ्या छातीखाली. मानेवरून थंड पाणी गेलं.

नंतर उठलो ते थेट बाहेर, बोळ ओलांडून समोरच्या कचऱ्याच्या खोलीत. कुंपणाच्या बाजूला. दार लावून घेतलं. मागे उघड्या घरातून लाकडाला पाणी लागल्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता. मी पाहिलं नाही. मेबल मात्र माझ्या खांद्यावरून त्या दिशेला दोन्ही हात पसरत होती, कुणाला तरी 'घे' म्हणत असल्यासारखी.

ब्रायनीला आम्ही तिथेच सापडलो, अंधारात, डब्यांच्या मध्ये. तिने आधी घर पाहिलं होतं. उघडं दार, मोडलेला पाळणा, पडलेलं कपाट. तिने मेबलला माझ्या हातातून घेतलं, अंगभर चाचपून पाहिलं, आणि मग तिचा आवाज एकदम शांत झाला.

"किल्ली द्या, बाबा."

"अगं, ऐक तरी."

"मी डॉक्टरांशी बोलते. तुमच्याबरोबर येते मी. पण किल्ली द्या."

मी किल्ली दिली. तिच्या जागी मी असतो तर मीही मागितली असती.

६

शुक्रवारी ब्रायनीला सुट्टी असते. म्हणजे चारला ती त्याच खोलीत असणार, पोरीला घेऊन. रात्रभर मी त्यावर विचार केला. घरात मला कुणी घेणार नव्हतं. पण बोळ तर सगळ्यांचा होता.

आजीनेच सांगितलेलं होतं. दोन बोटी समोरासमोर आल्या की एक जण आपला घोडा थांबवतो. त्याचा दोर सैल पडतो, पाण्यात बुडतो, आणि दुसरी बोट त्याच्यावरून निघून जाते. घोडा थांबला की दोर कुणाला काही करत नाही. आणि घोडे थांबवायला काठावरची पोरं पावाचा तुकडा घेऊन उभी राहत. माझ्यापाशी पाव होताच. रोजच्या सवयीने घेतलेला, अख्खा.

मी ब्रायनीच्या दारापुढे जाऊन थांबलो, भिंतीला पाठ लावून, कुंपणाच्या बाजूला. आतून टीव्हीचा आवाज येत होता. पावाचा कडक भाग तोडून तळहातावर धरला. शेजारच्या घरातून कुणी बाहेर आलं असतं तर काय म्हणालं असतं, हा विचार मनात आला आणि माझं मलाच हसू आलं.

गालिचा दबायला लागला. एकेक ठसा उमटत होता, ताटलीएवढा, आणि त्यात पाणी भरत होतं. दिसत बाकी काही नव्हतं. ठसे माझ्यापाशी आले. तळहातावर ऊन, ओला श्वास लागला, मग मऊ ओठ, आणि तुकडा गेला.

"हो, राजा," मी म्हटलं. "थांब. थांब इथेच."

ठसे थांबले. मागे कोपऱ्याशी चाललेली खरखर बंद झाली. दोर सैल पडला होता. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मी दुसरा तुकडा तोडला.

आणि तेव्हा मला कळलं मी काय केलंय. आयुष्यभर बस चालवलेला माणूस मी. ब्रेक दाबला की गाडी मागच्या सगळ्या माणसांसकट थांबते, हे माझ्या पायात बसलेलं. पण भरलेली बोट घोड्याबरोबर थांबत नाही. घोडा थांबतो, दोर सुटतो, आणि बोट आपल्या वजनाने तशीच पुढे येते. रोज ती निघून जात होती. आज मी तिला याच दाराशी आणलं होतं.

आत टीव्ही चालूच होता, पण त्याखाली दुसरा आवाज होता. पाणी बाजूला सरतं तो.

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. "ब्रायनी, दार उघड. मेबलला उचल."

"बाबा, घरी जा." ती दाराच्या अगदी मागे होती. "माझा अंत पाहू नका."

"तू कुठे आहेस? मेबल कुठे आहे?"

"खोलीत झोपलीये. मी तुम्हालाच काय सांगायचं ते ठरवत इथे उभी आहे."

"मग मागे वळून बघ. फक्त बघ. काही नसलं तर मी परत येणार नाही."

 मग साखळी पडल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. तिची मोज्यांतली पावलं ओली होती, आणि ती त्यांच्याकडे पाहत होती.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. खिडकीबाहेर धुकं. जमीन भिंतीपासून भिंतीपर्यंत भिजलेली, कोळशाचा आणि साबणाचा वास. मेबल सकाळीच आणलेल्या नव्या पाळण्यात बसली होती, खुशीत. तिच्या कमरेला दोरी बांधलेली होती. जुनी, ओली, तागाची दोरी, दोन वेढे आणि पाठीशी गाठ, पोराला बोचणार नाही अशी सैल आणि सुटणार नाही अशी घट्ट. दुसरं टोक कठड्यावरून खाली, जमिनीवरून खिडकीखालच्या भिंतीत गेलं होतं.

"हे तुम्ही बांधलंत?" ब्रायनी म्हणाली. पण ती मला विचारत नव्हती. आजीची गोष्ट मी तिला ती मेबलएवढी असल्यापासून सांगत आलोय.

मागे बोळात गालिचा दबला. पाव संपला होता. एक पाऊल, दुसरं. जमिनीवरची दोरी हलली आणि हळूहळू सरळ व्हायला लागली.

"पावाची सुरी," मी म्हटलं.

ब्रायनी स्वयंपाकघरात धावली आणि सुरी घेऊन आली. मी मेबलला काखेत धरलं. दोरी ताणली गेली तशी ती हसली, मग ओरडली, आणि माझे पाय ओल्या जमिनीवरून घसरायला लागले. ब्रायनीने सुरी चालवली. ताग भिजलेला होता, लवकर कापेना. मी आयुष्यात इतकी प्रार्थना कधी केली नव्हती. शेवटी तो तुटला आणि टोक सरसरत भिंतीत गेलं.

कमरेवरची गाठ आम्हाला दोघांनाही सुटली नाही. ती कात्रीने कापावी लागली.

७

त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले. कॅलमला ओल आली असं सांगितलंय, आणि डेरेकनेही तसंच लिहून दिलं. घर विकायला काढलंय. माझं घर लहान आहे, कालव्यापासून वर, दोन गल्ल्या सोडून. मागे परसात भिंत आहे.

मेबल मार्चमध्ये चालायला लागली. सगळीकडे फिरायची. परसात मात्र भिंतीपाशी पोचायच्या आधी थांबायची, कमरेशी हात न्यायची आणि वळून पाहायची. आमच्याकडे नाही, घराच्या पुढच्या बाजूला, कालवा आहे तिकडे. मला वाटलं, भिंतीला घाबरत असेल. मे महिन्यात ती परसातच जाईनाशी झाली. मागच्या दारात थांबायची. ब्रायनीच्या ते ध्यानात आलंय हे मला माहीत आहे, कारण ती आता पोरीला परसातून हाक मारत नाही.

काल मी मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरातून पावाचा कडक तुकडा दाखवला. तिला तो फार आवडतो. ती धावत आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडेच थांबली. पुढे वाकली, हात लांब केला, रडकुंडीला आली, पण पाऊल उचललं नाही. फ्रॉक कमरेशी चुरगळून मागे ओढला गेला होता. मीच उठलो आणि तुकडा तिच्या हातात नेऊन दिला.

हल्ली आम्ही सगळे पुढच्या खोलीतच जेवतो.